दुसऱ्यासाठी मागायची सुट्टी

गेल्या आठवड्यात शाळेत सुट्ट्यांवरून वाजलं. नव्यानं आलेले एक शिक्षक म्हणाले, सरकारी शाळेनं सणावारांत पडूच नये. वरून यादी येते तेवढी पाळावी. मुख्याध्यापकाच्या हातात ज्या मोजक्या सुट्ट्या असतात त्याही काढून घ्याव्यात, म्हणजे कटकट संपली. दुसऱ्या बाई म्हणाल्या, मग मुलांना सण कळायचे कसे? तिसऱ्या बाईंनी डबा उघडला आणि वाद तिथंच थांबला. मुख्याध्यापक मी आहे, त्यामुळे मी काय म्हणते इकडं सगळ्यांचं लक्ष होतं. पण मला मगदूम सर आठवत होते, आणि ते आठवले की मला एका जागी बसवत नाही. हा त्यांचाच संसर्ग असावा.

ही गोष्ट त्यांच्या शाळेतली आहे. हुपरीच्या अलीकडं फाट्यावरून आत गेलं की ते गाव लागतं. घरोघरी चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. गावात मराठे आहेत, जैन आहेत, मुसलमानांची थोडी घरं आहेत. जिल्हा परिषदेची शाळा गावाच्या कडेला. मी कोल्हापुरातून स्कूटरवर जाऊन-येऊन करायची. पहिल्या दिवशी ऑफिसात गेले तर मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर हजेरीपत्रकांचा ढीग, आणि मुख्याध्यापक, म्हणजे मगदूम सर, खिडकीबाहेर पाण्याच्या टाकीवर चढलेले. टाकीत डोकावत ते वरूनच म्हणाले, "आलासा? बरं झालं. तिसरीचा वर्ग मोकाट हाय. आधी तिकडं जावा, नाव मग सांगा."

किडकिडीत, पांढरा शर्ट, वरच्या खिशात खडूचे तुकडे. धुतलेल्या शर्टालाही खिशाखाली पांढरा डाग असायचाच. चहा ते चालता चालता प्यायचे, आणि व्हरांड्याच्या फरशीवर त्याचे थेंब पडलेले असायचे. त्या थेंबांवरून शिपाई सांगायचा, सर आत्ता कुठल्या वर्गाकडं गेलेत. कुणी "बसा की सर" म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "बसून काय हुतंय?" घरचे जैन, शेती करणारे. दिवस मावळायच्या आत जेवायचं, म्हणून शाळा सुटली की घरी जायची घाई. पण मुलं पूर्ण पांगल्याशिवाय पाय फाटकाबाहेर पडायचा नाही.

सुट्टी या गोष्टीचा त्यांना राग होता. "सुट्टी दिली की पोरगं खेळत न्हाय, बाई. पैंजणाच्या कड्या जोडाय बसतंय. शाळा हाय म्हणून तेवढा येळ तरी बोटं सुटी ऱ्हात्यात." ते स्वतः रविवारीही शाळेत असायचे. कधी झाडांना पाणी, कधी तुटका बाक. घरी काय करतात हा प्रश्न मी त्यांच्या बायकोला एकदा विचारला. त्या म्हणाल्या, "घरात असल्यावर दाराची कडी किती सैल झालीया ते बघत्यात. शाळंतच बरं हाय ते."

तरी त्या शाळेत सुट्टीची एक पद्धत होती, आणि ती त्यांनीच घातलेली होती. स्वतःच्या सणाची सुट्टी स्वतः मागायची नाही. ती दुसऱ्यानं मागायची. देवीच्या जत्रेची सुट्टी मुसलमानांच्या घरातल्या कुणीतरी मागायची, पीरसाहेबांच्या उरुसाची मराठ्यांनी. ऑफिसात येऊन कानात सांगायचं नाही. प्रार्थना झाली की सगळ्या मुलांसमोर उभं राहायचं, त्या दिवशी काय करतात ते सांगायचं, आणि मुलं विचारतील त्याला उत्तर द्यायचं. मग सर म्हणणार, "सुट्टी मंजूर."

यात फार मोठा विचार होता असं समजू नका. मी विचारलं तेव्हा ते वैतागून म्हणाले, "कसला इचार? एका वर्षी दोन्हीकडची माणसं एकदम आली. आमची आधी, आमची आधी. मी म्हटलं, तुमी त्यांची मागा, त्ये तुमची मागतील, न्हाय तर दोगांस्नी बी न्हाय. चिडून बोललो हुतो. पुढच्या दिवशी बघतो तर आली की मागाय."

माझ्यासमोरची पहिली मागणी दस्तगीरमामांची. दस्तगीर नदाफ, गाद्या शिवणारे, खांद्यावर कापसाचे कण घेऊन फिरणारे. देवीच्या जत्रेची सुट्टी मागायला आले. प्रार्थनेनंतर पुढं येऊन त्यांनी घसा साफ केला. "पोरानु, चैतात आपल्या देवीची जत्रा असतीया. पालखी निघती. पालखीत गादी असती. ती गादी मी शिवतो. दरसाली नवी. देवी वर बसती, खाली माझा कापूस असतोय."

एका मुलानं हात वर केला. "मामा, देवीला कोंबडं चालतंय का?"

"त्ये तुज्या आज्याला इचार. मी गादीपुरता हाय."

पोरं हसली. सरही हसले, पण सोडलं नाही. "न्हाय दस्तगीर, असं चालायचं न्हाय. मागायला आलायस तर माहिती काढून यायची. जा, पुजाऱ्याकडं बसून ये." आणि दस्तगीरमामा खरंच गेले. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी पालखी कुठल्या वाटेनं जाते, कुठं थांबते, का थांबते, सगळं सांगितलं. मला तेव्हा वाटलं, मुलांचा अभ्यास बुडतोय. आज वाटतं, बुडत होता हे खरंच आहे. पण पुजाऱ्याच्या ओट्यावर दस्तगीरमामा तासभर बसले, हेही खरं आहे.

उरुसाची सुट्टी तानाजी पाटील मागायचा. गावातल्या दूध डेअरीचा चेअरमन, आवाज असा की माईक लागू नये. उरुसात दर्ग्यावर चढवायची चादर, म्हणजे गलेफ, तिचं पुढचं टोक धरायचा मान पाटलांच्या घराचा. ते तो छाती काढून सांगायचा. एकदा पहिलीतल्या पोरानं विचारलं, "मग तुमी मुसलमान हाय का?"

"न्हाय रं बाबा, पाटील हाय."

"मग पाटील पीराला का जात्यात?"

तानाजी डोकं खाजवत म्हणाला, "आमचं आजं जात हुतं, बा जात हुता, म्हणून आमी जातो. आनि मलिदा लई झ्याक असतोय." सुट्टी मंजूर.

हे सगळं ऐकून सर फार गोड स्वभावाचे होते असं वाटेल. तसे ते नव्हते. गावातल्या जैन बस्तीचा, म्हणजे मंदिराचा, रथोत्सव असायचा. त्याची सुट्टी एक म्हातारे मराठा गृहस्थ मागायचे. एका वर्षी ते आजारी पडले आणि दुसऱ्या कुणाला आठवण राहिली नाही. सरांचे थोरले चुलतभाऊ, गावातले चांदीचे व्यापारी, संध्याकाळी घरी आले. "अण्णा, आपलाच माणूस मुख्याध्यापक हाय आनि आपल्याच रथाला सुट्टी न्हाय? लोक काय म्हणत्याल?"

सर म्हणाले, "आपलाच हाय म्हणूनच न्हाय."

रथाच्या दिवशी शाळा भरली. सरांचा उपास होता. तोंडाला कोरड पडलेली, तरी सातवीला व्याजाची गणितं घेत होते. बाहेरून वाजंत्री ऐकू आली तशी पोरं खिडकीकडं बघायला लागली. सरांनी खिडकी लावून घेतली. बस्तीतल्या बायका पुढं कितीतरी दिवस त्यांच्या बायकोशी नीट बोलत नव्हत्या, आणि बायको सरांशी. हे मला पटलं नव्हतं, आजही पटत नाही. मी तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "मला तरी कुठं पटलंय, बाई?" आणि चालू लागले.

दुसरा माझा आक्षेप मौसुमीवरून होता. चांदीचं बारीक काम करायला बंगालमधून एक कारागीर आला होता, त्याची ही मुलगी, माझ्याच वर्गात. वसंत पंचमीच्या दिवशी तिनं दप्तर उघडलंच नाही. वही काढ म्हटलं तर मान हलवते. मी आवाज चढवला. तिनं मोडक्या मराठीत सांगितलं, आज सरस्वतीची पूजा असते, आज पुस्तकाला हात लावायचा नाही, पुस्तकं देवीजवळ ठेवायची. आई तिला घरीच ठेवत होती, पण शाळा बुडवायची नाही म्हणून ती आली होती. दप्तर तेवढं उघडत नव्हती.

मी तिला सरांपुढं उभी केली आणि म्हटलं, "सर, तुमच्या पद्धतीत भोक आहे. स्वतःचं स्वतः मागायचं नाही, ठीक. पण जिचं एकच घर आहे, जिच्या सणाचं नावही गावाला माहीत नाही, तिच्यासाठी कोण मागणार?"

सर व्हरांड्याच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. मग माझ्या वर्गात शिरून म्हणाले, "पुस्तकं मिटा. समदे भाईर चला." दिवसभर त्यांनी मुलांकडून मैदानाची लांबी-रुंदी मोजून घेतली. हातानं, पावलांनी, झाडाच्या सावलीनं. वही नाही, पुस्तक नाही, सगळं तोंडी. मौसुमी सगळ्यात पुढं. शाळा सुटताना मी म्हटलं, "आजचं भागलं. भोक तसंच आहे."

"व्हय," ते म्हणाले. "ते हाय की."

मौसुमीचं कुटुंब पुढच्या वर्षी गाव सोडून गेलं. पण त्या दिवसापासून हा प्रश्न सरांच्या डोक्यातून गेला नसावा. मध्येच, अगदी खिचडीचा तांदूळ मोजून घेतानासुद्धा, ते थांबायचे आणि म्हणायचे, "बाई, ज्याचं कुणी मागत न्हाय त्याचं काय करायचं वो?"

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी ते करायची वेळ आली.

त्या वर्षी गावात वातावरण बिघडलं. कुणाच्या तरी मोबाईलवर काहीतरी आलं, कुणीतरी ते पुढं पाठवलं, बाजारपेठ एक दिवस बंद राहिली. मारामारी झाली नाही. पण लोक एकमेकांकडं बघून बोलायचे थांबले, आणि ते जास्त वाईट होतं. बाहेरून पोरं येऊन बैठक घेऊन गेली. त्यात तानाजी पाटलाचा पुतण्या पुढं होता. डेअरीची निवडणूक तोंडावर आलेली.

उरुस जवळ आला. प्रार्थना झाली की सर फाटकाशी जाऊन उभे राहायचे. मुलं रांगेत ताटकळायची. तानाजी येत नव्हता. दुसरंही कुणी येत नव्हतं. मी म्हटलं, "सर, सुट्टी तुमच्या अधिकारातली आहे. देऊन टाका. मागायला कुणी यायलाच हवं असा काही सरकारी नियम नाही."

"तशी दिली तर ती माझी सुट्टी हुईल, बाई. गावाची न्हवं."

मग दस्तगीरमामाच आले. फाटकाच्या आतसुद्धा आले नाहीत. "सर, औंदा सुट्टी नकोच. शाळा चालू ठेवा. पोरं शाळंत असली म्हंजी आमास्नी घोर न्हाय."

सर भडकले. "दस्तगीर, तुझी सुट्टी तुला मागता येत न्हाय, तशी नको बी म्हणता येत न्हाय. तुला त्यो अधिकारच न्हाय. जा घरला."

त्या संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते डेअरीत गेले. माझी स्कूटर त्याच वाटेनं जाते, म्हणून मागं बसून आले. तानाजी दूध मोजायच्या काट्याजवळ उभा होता. सरांना बघून त्यानं आधीच हात वर केला. "सर, मला या म्हणू नकासा. माझ्यावर नजर ठेवून हाईत लोक."

"ये म्हणाय आलो न्हाय. दूध न्याय आलोय."

"तुमच्या घरात दोन म्हशी हाईत, सर."

"मग ताक न्हेतो."

कुणीच हसलं नाही. तानाजी हळू आवाजात बोलला, आणि तो माणूस हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "सर, मान आमचा हाय ते मला ठावं हाय. पर आज मान धरला तर उद्या डेअरी ऱ्हात न्हाय."

सर म्हणाले, "बरं."  पुढं त्यांच्या घरापर्यंत स्कूटरवर ते मागं सारखे हलत होते. मला तोल सांभाळायला त्रास झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हातात रजेचा अर्ज दिला. एक दिवसाची किरकोळ रजा. इतक्या वर्षांत त्यांनी रजा घेतलेली कुणाला आठवत नव्हती. सर्वांत ज्येष्ठ शिक्षिका मी, त्यामुळे चार्ज माझ्याकडं. मला वाटलं, तब्येत बरी नसेल. खिशातले खडूचे तुकडे काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवले आणि फाटकाबाहेर गेले.

प्रार्थना संपली. फाटक वाजलं. सर आत आले, पण नेहमीसारखे नाहीत. शाळेत कामासाठी येणारी माणसं येतात तसे, कडेकडेनं, चपला बाहेर काढून. माझ्यासमोर उभे राहून त्यांनी नमस्कार केला.

"बाई, मी गावातला माणूस हाय. अण्णासाहेब मगदूम. पीरसाहेबांच्या उरुसाची सुट्टी मागाय आलोय."

मुलांमध्ये खसखस पिकली. मग ती आपोआप थांबली.

आता सुट्टी देणारी मी झाले होते. तानाजीच्या पुतण्याबरोबरची पोरं तक्रार करतील, वरून विचारणा होईल, माझी बदली शाहूवाडीच्या डोंगरात होईल, मुलीची बारावी आहे. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात होतं. मी म्हटलं, "काय करतात उरुसात ते सांगा."

ते सांगायला लागले. आदल्या संध्याकाळी मी घरी सोडल्यावर ते दस्तगीरमामांकडं जाऊन बसले होते, हे मला तेव्हा कळलं. संदल म्हणजे चंदनाचा लेप कसा चढवतात, गलेफ कुठल्या घरातून निघतो, कुठं थांबतो, मलिद्यात गूळ किती पडतो. सगळं नीट, गणिताच्या पायऱ्या सांगितल्यासारखं. "गलेफाचं पुढचं टोक धरायचा मान पाटलांचा."

चौथीच्या रांगेतून तानाजीची मुलगी म्हणाली, "आनि औंदा पाटील आलं न्हाईत तर कोण धरणार, सर?"

सर तिला म्हणाले, "मला ठावं न्हाय, बाळ. मागणाऱ्याला समदं ठावं असतंय असं न्हाय."

शेजारचे शिक्षक माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, उद्या सांगतो म्हणा."

मी म्हटलं, "सुट्टी मंजूर."

सरांनी पुन्हा नमस्कार केला. "उपकार झाले." मग हात पुढं केला. "आता खडू द्या. सातवीचा तास हाय."

"उद्या. आज तुम्ही रजेवर आहात. वर्गात पाऊल टाकायचं नाही."

दिवसभर ते शाळेच्या भिंतीबाहेरून फेऱ्या मारत होते. मधूनच भिंतीवरून त्यांचं डोकं दिसायचं, आणि मुलं हात हलवायची.

उरुसाच्या दिवशी मी गावात जायचं कारण नव्हतं. पण शिष्यवृत्ती परीक्षेचे सराव पेपर कपाटात राहिले होते आणि ते मला रात्रीत तपासायचे होते. दुपारी गेले. शाळा बंद, फाटक उघडं. सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. व्हरांड्यातून दर्ग्याकडं जाणारा रस्ता दिसतो. लांबून ढोल-ताशा ऐकू येत होता.

"गेला नाहीत?" मी विचारलं.

"जातो की. जरा बघतोय."

मी पेपर काढले, कपाट लावलं. ते कठड्याशी गेले, टाचा उंच करून बघितलं, परत आले. मला तिथून निघून जावंसं वाटत होतं, आणि निघवत नव्हतं. एक एसटी धूळ उडवत गेली. मग बराच वेळ रस्त्यावर कुणीच नव्हतं. सर पुन्हा कठड्याशी.

मोटारसायकलचा आवाज आला. तानाजी पाटील. फाटकासमोर आल्यावर त्याला सर दिसले आणि त्यानं गाडी हळू केली. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. डोक्याला रुमाल होता, पण बांधलेला नव्हता, नुसताच टाकलेला. काढायला सोपा जावा असा.

"सर, सुट्टीदिवशी बी शाळंत?"

"तू कुठं निघालास?"

तानाजीनं पुढं बघितलं. "डेअरीला."

डेअरी गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. या रस्त्यावर शाळेच्या पुढं ऊस आहे, आणि दर्गा.

"जा मग," सर म्हणाले. "उशीर नको करू."

गाडी पुढं गेली. तो दर्ग्यापर्यंत पोचला की उसाच्या कडेनं मागं वळला, मला माहीत नाही. मी पेपर स्कूटरच्या डिकीत ठेवले. फाटकाबाहेर येऊन आरशात पाहिलं, तर मगदूम सर व्हरांड्याच्या पायरीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय पसरलेले, अगदी कामावरून आलेल्या माणसासारखे. मी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत ते उठले नाहीत.